सत्त्याण्णव टक्के स्वतःचं

पहिली थोबाडीत मला प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात बसली. त्याआधी आयुष्यात मार खाल्लाच नव्हता असं नाही, पण तो पाढ्यांसाठी. पदवीसाठी हा पहिलाच.

मारणारी नसरीन पटेल, माझी रूममेट. ती इतिहासाची, मी प्राणिशास्त्राची. दोघीही चौथ्या वर्षाला, ऑनर्सला. म्हणजे तीन वर्षांत मिळणाऱ्या पदवीला आणखी एक वर्ष जोडायचं, त्या वर्षात शंभर पानांचा प्रबंध लिहायचा, तोंडी परीक्षा द्यायची, आणि मग पदवीपुढं ऑनर्स लागतं. मला ते लागणं फार गरजेचं होतं. जिल्ह्याच्या कीड संशोधन केंद्रात एक जागा निघाली होती. सोयाबीनची कोवळी रोपं खाणाऱ्या शंखी गोगलगायींवर काम करायचं. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, ऑनर्स नसेल त्यांनी अर्ज करू नये. गोगलगायी बघत बसायची नोकरी अख्ख्या जगात तेवढी एकच असणार, आणि ती मला पाहिजे होती.

थोबाडीत बसली ती पंख्यावरून. नसरीनला पंखा पाचवर पाहिजे होता, माझे नोंदींचे कागद उडत होते.

"तुझ्या गोगलगायींना उकडत नाही म्हणून मी उकडून मरू का, लीले?"

"मर की. तुम्हा इतिहासवाल्यांचं तसंही मेल्यावरच सुरू होतं."

तेवढ्यावर तिनं ठेवून दिली. मला इतका राग आला की मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दात आवळून, गाल धरून, एका हातानं टायपिंग करत राहिले. आणि मनगटावरचा पट्टा थरथरला. हिरवा आकडा आला : अठ्ठ्याऐंशी टक्के स्वतःचं.

त्याच्या आदल्या दिवशी लिहिलेल्या पहिल्या प्रकरणाला चार टक्के पडले होते.

आता पट्ट्याचं सांगते.

मशीनकडून प्रबंध लिहून घ्यायची साथ आली तेव्हा आमच्या मांजराकाठ विद्यापीठात एका वर्षी सहाशे प्रबंधांची प्रस्तावना शब्दाशब्दानं सारखी निघाली. त्यात तिघांनी तर 'मी माझ्या दिवंगत आजोबांचा ऋणी आहे' हे वाक्यही ठेवलं होतं, आणि तिघांचेही आजोबा पारावर पत्ते खेळत होते. मग विद्यापीठानं श्रमसाक्षी पट्टा आणला. एक मनगटाला, एक बारीक चिमटा जबड्याखाली. लिहिताना दोन्ही लावायचे.

कल्पना चांगली होती. माणूस विचार करतो तेव्हा एकट्या डोक्यानं करत नाही. शब्द सापडत नसला की तळवे ओले होतात, श्वास अडतो, नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, जबडा आवळतो. दुसऱ्याचं उतरवून काढताना यातलं काही होत नाही, शरीर मटकी निवडत बसल्यासारखं गार असतं. हा फरक मोजता येतो. पण कुठलं शरीर विचार करतंय आणि कुठलं उतरवतंय, हे मशीनला आधी कोणीतरी दाखवावं लागतं. शंभर आंबे दाखवून 'हे गोड, हे आंबट' असं शिकवलं की एकशे एकावा आंबा ते स्वतः ओळखतं, तसं. गोड म्हणजे काय, हे मात्र त्याला कधीच कळत नाही. त्याला दाखवलेलं तेवढं कळतं.

विद्यापीठानं काय दाखवलं? 'उसनं' म्हणून पाच कारकून, जुनं परिपत्रक नकलून काढताना. आणि 'स्वतःचं' म्हणून पाच ज्येष्ठ प्राध्यापक, बंद दाराआड तीन तास संशोधनावर चर्चा करताना. त्यावरून मशीन शिकलं. नियम झाला : प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण सत्तर टक्क्यांच्या वर स्वतःचं पाहिजे, तरच तोंडी परीक्षा.

माझी अडचण अशी की मी लिहिताना शांत असते. गोगलगायी बघून बघून माझी नाडीच तशी झालीय. मी चहा घेऊन बसते, खिडकीतल्या काचेच्या पेट्यांकडं बघते आणि जे बघितलं ते लिहिते. मशीनच्या मते मी एकवीस पानं परिपत्रक नकलत बसले होते.

"परत मार," मी नसरीनला म्हणाले.

"काय?"

"दुसऱ्या गालावर. परिच्छेद अर्धा राहिलाय."

तिनं बाह्या सरसावल्या, आणि आमचं संशोधन खऱ्या अर्थानं सुरू झालं.

आठवड्याभरात ही बातमी कॉलेजभर झाली. कोणी सांगितली माहीत नाही, पण माझा गाल सगळ्यांनी बघितला होता आणि माझे टक्केही.

फेब्रुवारीत आमची अभ्यासिका बघण्यासारखी झाली. 'शांतता राखा' अशी लाकडी पाटी होती, ती कोणीतरी काढून एका अर्थशास्त्रवाल्याच्या डोक्यात घातली आणि त्याचं ग्रामीण पतपुरवठ्याचं प्रकरण एका बैठकीत सुटलं. मराठीवाले एकमेकांच्या कवितांवर खरं मत द्यायचे आणि त्यावरून जुंपायची, त्यांना साधनं लागली नाहीत. राज्यशास्त्रवाले खुर्च्या फेकायचे. गणिताचा एकच विद्यार्थी होता, तो एकटाच भिंतीवर डोकं आपटायचा. पण तो पट्टा यायच्या आधीपासून आपटायचा. कॉलेजच्या दवाखान्यात 'दुखापतीचं कारण' या रकान्यात डॉक्टर सरळ 'संदर्भसूची' असं लिहायला लागले.

प्राचार्यांनी सुरुवातीला नोटीस लावली. मग विद्यापीठाच्या यादीत आमचं कॉलेज मौलिक संशोधनात पहिलं आलं, आणि नोटीस काढून तिथं मलमपट्टीची पेटी लावली.

आईला व्हिडिओवर तोंड दाखवायचं मी टाळत होते. एक दिवस तिनं पकडलंच.

"गालाला काय झालंय गं?"

"दुसरं प्रकरण."

"कोणं मारलं?"

"नसरीननं. पण अठ्ठ्याऐंशी पडले, आई."

तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली.

"आन् तिसऱ्याला?"

"बासष्ट."

"मंग मी येऊ का? तुझ्या पप्पाला बी आणते. त्यांचा हात जड हाय. लहानपणी तुला बोट लावू दिलं न्हाई मी, तितंच चुकलं बघ."

माझे मार्गदर्शक मठपती सर. अठ्ठावन्न वर्षांचे, सगळ्यांना बाळ म्हणणारे. प्रयोगशाळेत झुरळ निघालं तर ते त्याला कागदावर घेऊन बागेत सोडून यायचे. माझ्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणाला दोन पानं कमी पडत होती आणि नसरीन गावाला गेली होती, म्हणून मी त्यांच्याकडं गेले.

"सर, एक ठेवून द्या."

"बाळा, मला नाही जमायचं."

"मार्गदर्शन म्हणून द्या, सर."

त्यांनी डोळे मिटून फळ्याचा डस्टर फेकला. तो माझ्या कानाजवळून गेला, बेडकाच्या बरणीवर बसला, आणि तीस वर्षं फॉर्मॅलिनमध्ये बसलेला बेडूक माझ्या मांडीवर आला. सर इतके घाबरले की त्यांनीच माझी माफी मागितली, आणि मला हसू आलं. एकोणीस टक्के.

दुसरी अडचण शरीराची. शरीर फार लबाड असतं. एकच गोष्ट रोज होणार हे कळलं की ते दचकायचं सोडून देतं. रेल्वेच्या रुळाशेजारी राहणाऱ्याला गाडी ऐकू येत नाही, तसं. अठ्ठ्याऐंशीची थोबाडीत पंधरा दिवसांत साठावर आली. मग आम्ही चपलेवर गेलो, चपलेवरून लाटण्यावर. नसरीनच्या निजामकाळातल्या बारवांच्या प्रकरणात मी तिच्या दंडाला चावले, त्याला एक्क्याण्णव पडले. पण पुढच्या चाव्याला अडुसष्ट. तिनं माझे केस धरून डोकं कपाटावर आपटलं, त्र्याहत्तर. दुसऱ्यांदा आपटलं, पंचावन्न, आणि कपाटाचं दार निघालं.

कारण उघड होतं. आम्ही मारण्याआधी विचारायचो आणि मारल्यावर बर्फ लावायचो. "उजव्या बाजूला नको हं, तिथं अजून ठणकतंय," असं सांगायचो. शरीराला सगळं कळत होतं. मैत्रिणीच्या हातचा मार ते मनावर घेत नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझं फक्त शेवटचं प्रकरण राहिलं. निष्कर्ष. तीनदा लिहिलं, तीनदा चाळिशीच्या आत.

"खरा राग पाहिजे," मी म्हणाले. "नुसतं दुखून काही होत नाही."

"मला तुझा खरा राग येत नाही ना आता. पंख्यावरून पण येत नाही."

"मला आला पाहिजे. तू असं काहीतरी कर की मला खरंच राग येईल. काय करणार ते सांगू नको."

नसरीननं हातातलं पुस्तक मिटलं. "नंतर बोलशील ना माझ्याशी?"

"आधी कर तर."

इथं गोगलगायींचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझ्याकडं चोवीस होत्या. प्रत्येकीच्या शंखावर नसरीनच्या नेलपॉलिशनं नंबर टाकलेला. प्रयोग सोपा होता. गोगलगाय चालते ती स्वतःच्या चिकट द्रवावरून, आणि तो द्रव बनवायला तिची बरीच ताकद जाते. म्हणून एखादी पुढं गेलेली असली की मागची तिच्याच वाटेवरून जाते, तयार रस्ता मिळतो. मी काचेवर दोन फाटे करायचे, एकावरून आधी एक गोगलगाय गेलेली असायची, आणि दुसरी कुठल्या फाट्यानं जाते ते रोज लिहायचे. तेवीस गोगलगायी मळलेल्या वाटेनं जायच्या. सतरा नंबरची जायची नाही. ती फाट्याजवळ येऊन थांबायची, शिंगं हलवायची आणि कोऱ्या काचेवर निघायची. कधी कधी दोन्ही फाटे सोडून काचेच्या कडेवरून खाली. दोन महिने. शेतात आमिष लावून गोगलगायी पकडायच्या असतील, तर अशा किती निघतात हे कळणं फार महत्त्वाचं होतं. माझा अख्खा प्रबंध त्या एकीवर उभा होता, आणि तिच्या आणखी तीन आठवड्यांच्या नोंदी मला पाहिजे होत्या.

नसरीन तिला रोज काकडीची चकती द्यायची. बाकीच्यांना द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी पट्टा लावून लिहायला बसले. नसरीन उठली, पेटीचं झाकण काढलं, सतराला दोन बोटांत उचललं आणि फरशीवर ठेवलं. सतरानं शिंगं बाहेर काढली. नसरीननं माझ्याकडं बघितलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मग तिनं टाच ठेवली.

भाजलेला पापड मोडल्यासारखा आवाज आला.

पुढचं मला नीट आठवत नाही, पट्ट्याला आठवतं. नाडी एकशे एकाहत्तर. मी तिला पलंगावर पाडली, तिचा हात मागं नेला आणि पिरगाळत राहिले. ती "लीले, बस, बस" म्हणत होती. मग पुन्हा तसाच आवाज आला, फक्त जरा जाड.

आणि हे सांगायची लाज वाटते, पण मी उठून खुर्चीत बसले आणि लिहिलं. ती खाली हात पोटाशी धरून कण्हत होती आणि मी लिहीत होते. अकरा पानं, एका दमात. सतराच्या पुढच्या तीन आठवड्यांच्या नोंदी नव्हत्या, त्या मी तिथंच बनवल्या. कुठल्या दिवशी कुठल्या फाट्यानं गेली, किती वेळ थांबली, सगळं.

पट्टा थरथरला. सत्त्याण्णव टक्के स्वतःचं. विद्यापीठातला सगळ्यात मोठा आकडा.

मशीन खोटं बोलत नव्हतं. त्या नोंदी अक्षर न् अक्षर माझ्याच होत्या. गोगलगाय तर मेली होती.

मग मी रिक्षा आणली.

नसरीनचं हाड कोपराच्या वर मोडलं होतं. प्लास्टर घालून झाल्यावर तिनं तिच्या भावाला फोन केला, आणि त्यानं येऊन तिचं सामान दुसऱ्या खोलीत नेलं. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही. मी पेटीतल्या तेवीस गोगलगायी प्रयोगशाळेत नेऊन ठेवल्या. खोलीत मला त्या बघवत नव्हत्या.

प्रयोगशाळेत ज्ञानोबामामा पेट्या धुवत होते. पस्तीस वर्षं शिपाई, सगळ्या मिटिंगांना चहा तेच नेतात.

"पटेलाच्या पोरीचा हात तू मोडलास म्हणं."

"हो."

"पडले का पण मार्क?"

"सत्त्याण्णव."

मामांनी पेटी पालथी घातली आणि स्टुलावर बसले. "त्या मशीनला दुसरं काय येणार बाई. त्याला शिकवलंच तसं. चर्चा केली म्हणत्यात, पाचजणांनी. मी होतो की आत, चहा घेऊन. सगळ्याला पट्टे लावले, मशीन चालू केलं, आन् परीक्षा मंडळाच्या कव्हाळे सायबांनी नव्या इमारतीची कोनशिला कशी असणार त्येचा कागद दाखवला. पाचजणांची नावं. कव्हाळे पयले. आपले मठपती सर पाचवे, त्ये बी बारीक अक्षरात. झालं. तिथनं जे सुरू झालं, तीन तास. मी अकरा कप न्हेले, एक बी परत आला न्हाई. कव्हाळे सायबांच्या नाकाचं रगत मी फिनेलनं पुसलंय."

"आणि संशोधन?"

"त्येचं नाव कोणी काढलं न्हाई. शेवटी अहवालात लिवलं, चर्चा अत्यंत मौलिक झाली."

आम्हाला, अख्ख्या विद्यापीठातल्या अकराशे पोरांना, पाच म्हाताऱ्यांच्या मारामारीशी ताडून बघत होते. जो त्यांच्यासारखा भडकेल, त्याचा विचार स्वतःचा.

"हे कोणाला सांगितलं नाहीत, मामा?"

"मला इचारलं कोणी? तू पयलीच."

तोंडी परीक्षा एप्रिलच्या दहा तारखेला, दुपारी दोनला. मंडळ तेच पाचजणांचं. मधोमध अध्यक्ष डॉ. कव्हाळे, एका टोकाला मठपती सर. शिवाय नियमाप्रमाणे बाहेरच्या विद्यापीठातल्या एक परीक्षक आल्या होत्या, डॉ. वत्सला येरेकर. कोकणातल्या, साठीच्या, लहानखुऱ्या. त्यांच्यासमोर माझ्या प्रबंधाची प्रत उघडी होती आणि त्यात चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. मला आश्चर्य वाटलं. प्रबंधात चिठ्ठ्या खोचलेल्या मी पहिल्यांदा बघत होते.

बाहेर बाकावर पुढचा नंबर नसरीनचा होता. माझ्याकडं न बघता ती प्लास्टर सांभाळत बसली होती.

तोंडी परीक्षेतही पट्टा लागतो, मंडळाच्या पाचजणांनाही. उत्तराचा आकडा समोरच्या पडद्यावर येतो आणि सत्तरच्या खालचं उत्तर नोंदवून घेत नाहीत.

"शिवलीला बिडवे," कव्हाळे म्हणाले. "सत्त्याण्णव. आपल्या विद्यापीठाची शान. मला वाटतं विचारण्यासारखं काही नाही."

"मला थोडं सांगायचंय, सर," मी म्हणाले. आणि मामांनी सांगितलं ते सांगितलं. मामांचं नाव घेतलं नाही. कोनशिला, पाच नावं, अकरा कप. घरी पाठ केल्यासारखं, शांतपणे.

पडद्यावर तांबडा आकडा आला. तीन टक्के.

"बघा," कव्हाळे इतरांकडं वळून हसले. "उसनं. कोणीतरी पढवलंय हिला. नोंदवायची गरज नाही. असलं काही झालेलं नाही, सगळी चर्चा खेळीमेळीत झाली. नावांचा क्रम सर्वानुमते ठरला होता."

"सर्वानुमते?"

हा आवाज मठपती सरांचा होता. इतका बारीक की आधी कोणाला कळलं नाही.

"मठपती, बसा."

"पाचवं नाव. आणि ते पण बारीक अक्षरात. माझी नोकरी तुमच्याहून तीन वर्षं जास्त आहे, कव्हाळे. सर्वानुमते?"

"अहो, दगडावर जागा नव्हती."

"'डॉ. पंडितराव गोविंदराव कव्हाळे-पाटील' एवढं लिहायला जागा होती."

आणि झुरळ बागेत सोडणाऱ्या माझ्या सरांनी पाण्याचा स्टीलचा जग उचलून कव्हाळ्यांच्या कपाळावर घातला.

त्यानंतर जे झालं ते मी तुकड्या-तुकड्यांत बघितलं. कव्हाळे खुर्चीसकट मागं गेले आणि खुर्चीसकट परत आले. दुसऱ्या नंबरच्या सरांनी तिसऱ्यांचा चष्मा काढून त्याची आधी नीट घडी घातली आणि मग त्यांना ठोसा मारला. चौथे दाराकडं पळत होते, त्यांना मठपती सरांनी शर्टाच्या कॉलरला धरून परत आणलं आणि म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी पण पळाला होतात." कोणाची तरी कवळी माझ्या प्रबंधाच्या मुखपृष्ठावर येऊन पडली. "त्या दिवशी पहिला हात कव्हाळ्यांनीच उचलला होता," असं कोणीतरी ओरडलं, आणि मंडळींच्या पट्ट्यांवरून पडद्यावर हिरवे आकडे धडाधड यायला लागले : नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. सगळं आपोआप नोंदलं जात होतं.

माझ्या डोक्यावरून प्रोजेक्टर गेला. मी टेबलाखाली शिरले.

तिथं येरेकर मॅडम आधीपासून होत्या. मांडी घालून, मांडीवर माझा प्रबंध.

"या," त्या म्हणाल्या. "इथं उजेड बरा आहे. तुमच्याकडं हे नेहमी असं असतं?"

"गेल्या वर्षापासून."

"असो. मला दोन-तीन शंका होत्या." त्यांनी एक चिठ्ठी काढली. वर टेबलावर कोणीतरी पडलं, धूळ आमच्या केसांत आली. "तुमची सतरा नंबरची गोगलगाय. मला फार आवडली. दोन महिने कोणाचं ऐकत नाही. सात जानेवारीला काचेवरून खाली उतरून तुमचा खोडरबर खाते. मी हसले वाचताना."

मला एकदम रडू आलं. मी ते गिळलं.

"पण पाच मार्चनंतर," त्या म्हणाल्या, "ती फार शिस्तीत चालते. रोज बरोबर चाळीस सेकंद थांबते, रोज डाव्या फाट्यानं जाते. रविवारीसुद्धा. माझी तीस वर्षं गोगलगायींत गेली. इतकी सरळ वागणारी मी बघितली नाही. काय झालं तिला?"

शेजारी एक बूट येऊन आदळला. त्यात पाय होता, तो ओढत परत नेला.

त्यांनी काढलेली चिठ्ठी मी परत पानात खोचली.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही गप्प राहिलात तर मी सही करणार. पट्टा सत्त्याण्णव म्हणतोय, नियमाप्रमाणे मी आकडा बघायचा आणि सही करायची. शंका ही काही पुरावा नव्हे. पण तुम्ही बोललात तर मला ऐकावं लागेल."

केंद्राचा अर्ज माझ्या पिशवीत होता, भरलेला. फक्त ऑनर्सचा रकाना राहिला होता. शेवटची तारीख वीस एप्रिल. असली जागा पुन्हा निघेल की नाही, कोणी सांगावं. आणि सतरा काही साक्ष द्यायला येणार नव्हती. साक्ष देऊ शकली असती ती बाहेर बाकावर बसली होती, आणि ती माझ्याशी बोलत नव्हती.

"ती पाच मार्चला मेली," मी म्हणाले. "मी मारायला लावली. मला राग यावा म्हणून. पुढचे तीन आठवडे मी बनवले."

पट्टा थरथरला. मॅडमनी माझं मनगट वळवून बघितलं. दोन टक्के.

"काढा ते," त्या म्हणाल्या. "खाज सुटत असेल."

मी पट्टा काढला, जबड्याचा चिमटा काढला. मॅडमनी पर्समधून पेन काढलं, शेवटचं पान उघडलं आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. वर कव्हाळे कोणाला तरी निलंबित करत होते आणि तो कोणीतरी त्यांना चावत होता. मॅडमचं अक्षर मात्र हललं नाही. 'सादर करण्यायोग्य नाही. पाच मार्चपर्यंतचं निरीक्षण उत्तम. त्यापुढचं काढून टाकावं आणि पुढच्या पावसाळ्यात प्रयोग पुन्हा करावा.' खाली सही, तारीख.

वर्षभरात माझ्या प्रबंधावर माणसाच्या हातानं लिहिलेली ती पहिलीच ओळ होती. मी ती दोनदा वाचली.

"नापास," मी म्हणाले.

"हो. पुढच्या वेळी चोवीस कमी पडतील, चाळीस घ्या. आणि खोडरबर वर ठेवत जा. पुढचं कोण आहे, पाठवा. मी इथंच बसते."

मी रांगत दारापर्यंत गेले. बाहेर ज्ञानोबामामा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी आत डोकावलं आणि कप मोजून परत ठेवले.

नसरीन बाकावरून उठली. महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"काय झालं?"

"नापास."

"सत्त्याण्णववाली नापास?"

"सतराचं सांगितलं."

तिचा चेहरा आवळला. "माझं नाव?"

"नाही. मी करायला लावलं असं सांगितलं. तेच खरं आहे."

ती प्लास्टरच्या कडेचा निघालेला दोरा ओढत राहिली. आत काहीतरी मोठं, काचेचं फुटलं.

"परत गोळा करणार?"

"पावसाळ्यात. चाळीस घ्या म्हणाल्या."

"एकोणचाळीस घे," ती म्हणाली. "सतरा नंबर कोणाला द्यायचा नाही."

"बरं."

"हात अजून दुखतो. तुला वाटत असेल झालं गेलं, तर तसं नाही."

"नाही वाटत."

मामांनी यादी बघून हाक दिली, "नसरीन पटेल." तिनं चांगल्या हातानं प्रबंध काखेत धरला आणि सवयीनं ओढणी कमरेला खोचली, मारामारीला निघाल्यासारखी. दारातून एक खुर्ची उडत आली आणि भिंतीवर बसली. नसरीन थबकली आणि माझ्याकडं वळली.

"टेबलाखाली जा," मी म्हणाले. "परीक्षा तिथं चाललीय."